गुंडू वाटाड्याची निसर्गफेरी

आमच्या गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव गुंडू. एक शहाणा माणूसही होता. तो मी. गुंडू माझा भाचा.

गाव घाटमाथ्यावर आहे. वर सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, खाली जंगल, मध्ये ओढा. शहरातले लोक जंगल बघायला येऊ लागले. आम्हाला नवल वाटलं. आम्ही जन्मभर ज्याच्याकडे पाठ करून बसलो, ते बघायला लोक गाडी करून येतात. मग गावानं ठरवलं, दर रविवारी निसर्गफेरी काढायची. पाहुण्यांना जंगल दाखवायचं, दुपारी भाकरी-पिठलं वाढायचं.

कारभार माझ्याकडे आला. मी चौथीपर्यंत शिकलो. पण गावात माझा शब्द शेवटचा असतो, कारण त्याच्यापुढे मी बोलतच नाही. लोक दहा शब्द वापरतात तिथं मी दोन वापरतो. याचा मला अभिमान होता.

माझे गुडघे चढ मानत नाहीत. म्हणून वाटाड्या गुंडू. जंगलातली वाट न् वाट त्याच्या पायांना ठाऊक. डोक्याचं काम नव्हतं, असं मला वाटलं.

गुंडूला हे काम हवंच होतं. त्याच्या बायकोचा, तानूचा, भाऊ सांगलीत फरशी विकतो. "दाजींना पाठव, माल उचलायला माणूस पाहिजे," असा त्याचा दर आठवड्याला निरोप. गुंडूला गाव सोडायचं नव्हतं. तानूलाही नव्हतं. पण ती म्हणाली, "महिनाअखेर जंगलाचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी वाटाड्या म्हणून पक्कं केलं तर राहू. नाहीतर सांगली."

तेव्हा सगळं साहेबांवर होतं. आमच्याकडे वनखात्याला जंगल खातं म्हणतात, आणि त्यातल्या साहेबांना जंगलाचे साहेब.

पहिला रविवार आला. पुण्याचे पाहुणे आले. मी गुंडूला म्हटलं, "पाहुण्यांना झाडांची ओळख करून दे."

"बरं, मामा."

दुपार झाली तरी फेरी गावच्या विहिरीपुढे सरकली नव्हती. मी जाऊन बघितलं. गुंडू एका बाईंना अंजनीच्या झाडासमोर उभं करून सांगत होता, "बाई, ही अंजनी. अंजने, ह्या पुण्याच्या देवस्थळीबाई. यांना गुडघेदुखी आहे. नमस्कार करा, बाई."

बाईंनी नमस्कार केला. झाडानं केला नाही. गुंडू ओशाळला. "जरा मानी आहे," तो म्हणाला. "पलीकडचा हिरडा बोलका आहे. चला. फक्त त्याच्यासमोर बेहड्याचं नाव काढू नका. भाऊबंदकी आहे."

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, ही काय सोयरीक जमवायची आहे? जंगलात बोलायचं नाही. तोंड बंद. काही दिसलं की नुसतं बोट दाखवायचं."

"असं आधी सांगायचं होतं की, मामा."

"आता सांगितलं."

"आता कळलं."

दुसऱ्या रविवारी कॅमेरेवाले पाहुणे आले. नेने म्हणून एक जाडसर गृहस्थ सगळ्यांत पुढे होते. वाटेत खाजकुइलीचं जाळं होतं. शेंगा तयार झालेल्या. नुसता वारा लागला तरी माणूस खाजवत सुटतो. गुंडूनं ती बघितली. तोंड बंद ठेवलं आणि बोट दाखवलं.

"पक्षी?" नेने कुजबुजले.

गुंडूनं आणखी जोरात बोट दाखवलं.

"आत आहे?"

गुंडू दोन्ही हातांनी दाखवू लागला. नेने आत शिरले. नेने शिरले म्हणजे काहीतरी दुर्मीळ असणार, म्हणून बाकीचेही शिरले.

पाहुणे गावात नाचत आले. आम्हाला आधी वाटलं, खूश झालेत. मग आम्ही शेण आणलं. खाजकुइलीवर आमच्याकडे तोच उपाय. नेने शेणानं लिंपलेले गाडीत बसले तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला.

"गाढवा," मी म्हटलं, "ते आत जाताना तू गप्प कसा?"

"तुम्हीच म्हणालात, तोंड बंद. मी तर दोन बोटं दाखवली. तुम्ही एकच सांगितलं होतं."

"काही दिसलं की ओरडायचं! मागं व्हा, पळा, म्हणून ओरडायचं!"

"असं आधी सांगायचं होतं की, मामा."

"आता सांगितलं."

"आता कळलं."

तिसऱ्या रविवारी कोल्हापूरच्या बायका आल्या. त्यांना धनेश बघायचा होता. हा मोठ्या चोचीचा पक्षी. उंबर पिकला की येतो, पण फार बुजरा. बायका उंबराखाली बसून राहिल्या. मुंग्या चावल्या, हलल्या नाहीत. एकीला शिंक आली, तिनं ती गिळली. शेवटी धनेश आला. फांदीवर टेकला. चोचीत उंबर धरलं.

गुंडूला दिसला. गुंडू ओरडला, "मागं व्हा! पळा! पळा!"

धनेशानं लगेच ऐकलं. त्याच्यामागून बायकांनीही ऐकलं. एक ओढ्यात पडली, दोघी तिच्यावर पडल्या. धनेश त्या दिवशी आमच्या जंगलात राहिला नाही. शेजारच्या गावात दिसला म्हणतात. त्या गावानं आता फेऱ्या सुरू केल्या आहेत.

मी तापलो. तरी एकदाच बोललो आणि असं बोललो की पुन्हा बोलायला नको. "गुंडू, जंगलात जे जिथं आहे ते तिथंच राहिलं पाहिजे. पळवायचं नाही, हलवायचं नाही, बाहेर तर आणायचंच नाही. जंगलाचं ते जंगलात. एवढं एक पाळ."

"असं आधी—"

"आता सांगितलं!"

"आता कळलं," गुंडू म्हणाला. आणि या खेपेला त्याला खरंच कळलं होतं. तोच घोळ झाला.

चौथ्या रविवारी साहेब आले. चार पाहुणेही होते. मी पुढे होऊन गुंडूला म्हटलं, "हे जंगलाचे मोठे साहेब. आज नियम मोडलास तर सांगली."

"नाही मोडत, मामा."

मी मागे थांबलो. भाकरीची तयारी बघत होतो. दुपारी पाहुणे परत आले. मी विचारलं, "कसं झालं?"

"काय माणूस आहे!" एक बाई म्हणाल्या. "मुलीनं मोराचं पीस उचललं, तर त्यानं ते जिथल्या तिथं ठेवायला लावलं. साहेब म्हणाले, असाच माणूस हवा. ते जरा दगडावर टेकलेत, गुंडूला त्यांच्यापाशी ठेवून आम्ही पुढे आलो."

तानूनं हे ऐकलं. तिनं पिठल्यात तेल वाढवलं. मला छाती मोठी झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, दोन शब्दांत माणूस घडतो.

बऱ्याच वेळानं गुंडू आला. घामाघूम. सदरा फाटलेला. एकटा.

"साहेब कुठं?"

"जंगलात."

"मागनं येतायत?"

"येत होते. ओढ्यापर्यंत आले होते. मी उचलून परत नेऊन ठेवले."

मला ऐकू कमी येतं असं तानू म्हणते. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"उचलून? साहेबांना?"

"वजन आहे त्यांना. पण जिथं होते तिथंच ठेवले. दगडावर. तोंडसुद्धा त्याच बाजूला केलं."

"अरे, ते ओरडले नाहीत?"

"ओरडले. म्हणाले, मी जंगलाचा अधिकारी आहे. म्हटलं, तेच तर, साहेब."

"आणि ते तिथं बसून राहिले?"

"कुठले. दोनदा पळून आले. दोनदा नेऊन ठेवले. मग बूट काढून घेतले. आता वाटेवरचे दगड टोचतात, येत नाहीत." त्यानं पाठीमागचा हात पुढे केला. हातात बूट होते, चांगले, काळे. "हे आणले. हे जंगलाचे नव्हेत, दुकानाचे."

पाहुण्यांनी भाकरीचा घास हातातच धरला. तानूनं बुटांकडे बघितलं. आत गेली आणि गुंडूची पिशवी भरायला लागली.

मला बोलायचं पुष्कळ होतं. आयुष्यभर वाचवलेले सगळे शब्द एकदम घशाशी आले आणि एकही बाहेर पडेना. शेवटी ओरडलो, "जा! आत्ताच्या आत्ता जा आणि साहेबांना घेऊन ये!"

गुंडू हलला नाही. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू वेडा मीच आहे.

"काय बोलता, मामा? आज मला पक्कं व्हायचं आहे. साहेबांच्या डोळ्यांदेखत नियम मोडू?"