मागून बसलेली गाडी

"आणखी किती हवा मावेल यात?"

कासमचाचा शिकलगारांनी गाडीकडे पाहिलं नाही. ते विचारणाऱ्याकडे पाहत होते.

विचारणारा होता भार्गव तांडेल. मालवणकडचा, साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा. सांगोल्याच्या रस्त्यावर चाचांची पत्र्याची शेड होती, तिच्यासमोर त्याची पिकअप उभी होती. पिकअपच्या हुकाला दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉलीवर दोरांनी आवळलेली लाकडी होडी.

चाचा पन्नास वर्षं गाड्यांच्या कमानी बांधत होते. ड्रायव्हर लांबून त्यांच्याकडे येत. काही गाडीसाठी, काही नुसतेच बसायला.

"आत्ता किती आहे?" चाचांनी विचारलं.

"साठ पौंड. परवा कोल्हापुरात बसवून घेतले हे फुगे. कोरे आहेत."

मागच्या कमानींच्या पाट्यांपाशी, दोन्ही अंगांना, रबराचे दोन जाड फुगे होते. ओझ्यानं खाली बसलेली गाडी हवेच्या जोरावर वर उचलायची, एवढंच त्यांचं काम.

"मग अडचण काय?"

"गाडी जवळजवळ सरळ दिसते, पण सरळ चालत नाही. उताराला स्टेअरिंग हलकं पडतं. पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. आणि मागून अजून दोन बोटं बसतेय. मला ती दोन बोटंही नकोत."

"दोन बोटांनी काय होतंय?"

"चाचा, मी चाळीस वर्षं समुद्रावर काढलीत. ओझं कसं न्यायचं ते मला शिकवू नका. हवा भरा."

चाचा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. गाडीखाली हात घातला. व्हॉल्व्हची पिन नखानं दाबली.

फुस्स...

"अहो! काय करताय?"

चाचांनी बोट काढलं नाही. मग दुसऱ्या बाजूला गेले. गाडी मागून हळूहळू खाली गेली. पाटे करकरले. पुढचं नाक आभाळाकडे झालं.

"ही तुमची गाडी," चाचा म्हणाले.

रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं, तसा भार्गव गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. जणू तिला आडोसा करत होता.

"कुठं निघालात?"

"उजनीला. धरणाच्या काठाला भाऊ राहतो. धाकटा. जयवंत."

"त्यानं बोलावलंय?"

"नाही."

"किती वर्षांनी चाललात?"

"अकरा."

मग भार्गवनं आपणहून सांगितलं, तुटक तुटक. होडी वडलांची. वडलांच्या तेराव्याला पंगत बसलेली असताना तो चार लोकांसमोर म्हणाला होता, होडी माझी, जयवंताला समुद्र कळत नाही. जयवंत ताटावरून उठला. बायकोला आणि मुलीला घेऊन त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुढं एका मासळीच्या ट्रकवाल्याकडून कळलं, तो धरणात जाळं टाकतो. समुद्राचा माणूस... साठलेल्या पाण्यात.

"आणि तुम्ही?"

"मी होडी ठेवली. यंदा गुडघे गेले. आता ती वाळूत पालथी पडून असते. रोज दिसते."

चाचांनी विडी पेटवली.

"मग गाडी सरळ कशाला हवी?"

"तो दारातून बघेल. वाकलेली गाडी बघून म्हणेल, म्हातारा थकला, म्हणून आला."

"थकला नाहीत?"

भार्गव पाण्याचा ड्रम होता तिकडे गेला. तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ तोंड पुसत राहिला.

चाचांनी जॅक लावून ट्रॉली हुकातून सोडवली. पिकअप जरा पुढं घेतली. ट्रॉलीचा दांडा लाकडाच्या ओंडक्यावर टेकवला.

"उचला."

भार्गवनं पाय रोवले. दांड्याला दोन्ही हात घातले. गळ्याच्या शिरा फुगल्या. दांडा वीतभरही उठला नाही.

"एवढं सगळं तुम्ही हुकावर बसवलंय," चाचा म्हणाले. "हवेनं गाडी वर येते, पाव्हणं. वजन हाय तिथंच राहतं."

भार्गव धापा टाकत उभा राहिला.

"होडीच्या नाकात, हुकाच्या बाजूला, काय भरलंय?"

"सामान आहे."

"काढा."

"बांधून ठेवलंय ते. तिथं मला आरशात दिसतं."

"काढा."

ताडपत्री निघाली. भार्गव एकेक वस्तू खाली देऊ लागला. चाचा ती शेडमध्ये ठेवत गेले. नायलॉनचं जाळं, दुकानाच्या कागदातच. आणखी एक जाळं, तसंच. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गुंड्यांच्या तीन गोण्या. लोखंडी नांगर, रंगही न गेलेला. एक छोटं इंजिन, खोक्यात. पितळेचा कंदील. दोरांची वेटोळी.

सगळं नवं. काही न वापरताच जुनं झालेलं.

"दुकान काढायचंय भावाला?"

"नाही. दर नारळी पौर्णिमेला बाजारात जातो. आम्ही दोघं जायचो. त्याच्यासाठी काहीतरी घेतलं जातं."

"पाठवलं का नाही?"

"पाठवलं असतं तर त्याला वाटलं असतं, मी माफी मागतोय."

"बरं."

शेवटी भार्गवच्या हातात एक पिवळा रेनकोट आला. लहानसा. त्यानं तो खाली दिला नाही.

"हा कुणाचा?"

"त्याच्या पोरीचा. पाच वर्षांची होती. माझ्या खांद्यावर बसून किनाऱ्यावर यायची." तो घड्या उलगडत राहिला. "आता... सोळाची असेल."

चाचांनी विडी विझवली.

मग दोघांनी मिळून काम केलं. दोर सैल केले, पहार लावली, होडी हातभर मागं सरकवली. शिशाच्या गोण्या, नांगर आणि इंजिन ट्रॉलीच्या चाकांच्या बरोबर वर मांडले. जाळी मागं, कंदील जाळ्यांमध्ये. ऊन कलायला लागलं होतं. भार्गवचा सदरा पाठीला चिकटला होता. चाचांनी दोर आवळून घेतले आणि म्हणाले, "आता उचला."

दांडा उठला. जड होता, पण उठला.

ट्रॉली पुन्हा हुकाला लागली. गाडी मागून चार बोटं बसली आणि तिथंच थांबली. चाचांनी पंपाची नळी ओढली. दोन्ही फुग्यांत थोडी थोडी हवा भरली. काट्याकडे पाहिलं. नळी काढली.

"एवढीच?"

"दणके बसू नयेत एवढी. ओझं दिसू नये एवढी नाही."

"पण अजून वाकलेली दिसतेय."

"दिसतेय."

भार्गव गाडीत बसला. वळणापर्यंत जाऊन परत आला. उतरला नाही. काच खाली केली.

"स्टेअरिंग धरतंय," तो म्हणाला.

रेनकोट त्यानं शेडमधल्या बाकावर ठेवला होता. चाचा तो घेऊन आले.

"राहू दे चाचा. तिला होणार नाही आता."

चाचांनी तो खिडकीतून आत, शेजारच्या सीटवर ठेवला.

भार्गवनं इंजिन बंद केलं. समोर सरळ रस्ता होता, बाभळींमधून जाणारा. तो त्या रस्त्याकडे बघत राहिला. आल्यापासून तो शुद्ध, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होता. आता त्याच्या तोंडून घरची बोली आली.

"चाचा... तो माका ओळखतलो?"

चाचा मागं जाऊन होडीचा दोर ओढून बघू लागले.

"आणि तो दारातसूनच परत जा म्हणालो तर? मी काय करू? होडी घेऊन खंय जाऊ?"

एक ट्रक धूळ उडवत गेला. चाचांनी धूळ बसू दिली. मग होडीच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाले,

"ही एकट्यानं पाण्यात उतरत नाही, पाव्हणं. दुसऱ्या अंगाला त्याला हात लावावाच लागंल."