पाटीखालचे बेडूक

शहरात नळ नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. डबक्यात वाढलेली शेवंता बेडकी लग्न होऊन शहराबाहेरच्या तलावावर नांदायला आली. एवढं पाणी बघून तिला हायसं वाटलं. पण सासरी पाण्यात कुणी उतरतच नव्हतं. काठावर पाटी होती : 'पिण्याचे पाणी. पोहण्यास सक्त मनाई.' घरात वाचता येणारे एकटे मामंजी. त्यांच्या शब्दाखातर सगळं घर चौकीदाराच्या गळक्या माठाखाली रांगेनं भिजायचं.

भर वैशाखात माठ फुटला. दोन दिवसांत शेवंताची कातडी पापडासारखी वाळली.

"मामंजी, पाटी माणसांसाठी असेल," ती हळूच म्हणाली.

"मग आपण काय माणसांपेक्षा कमी आहोत?"

दुपारी मामंजी पाटीच्या सावलीत डुलकी घेत होते, तेव्हा शेवंता पाण्यात उतरली. डोकं वर काढलं तर काठावर सासूबाई.

"पाणी कसंय गं?"

"गार आहे, सासूबाई."

सासूबाईंनी पाटीकडे नीट पाहून घेतलं. "मला मेलीला कुठं वाचता येतंय," म्हणाल्या आणि धप्पकन उडी मारली.

मामंजी शिंतोड्यांनी जागे झाले. तलावाकडे पाठ फिरवून बसले आणि म्हणाले, "अजून थोडे येऊ द्यात. शिंतोड्यांबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही."