निळ्या आभाळाची फर्माईश

बास्क मुलखातल्या बिल्बाओ शहरात लोखंडाच्या भट्ट्यांवर गब्बर झालेले उरुतियासाहेब आपलं चित्र काढून घेत होते, आणि चित्रकार माइतेबाई त्यापायी मेटाकुटीला आल्या होत्या. साहेबांनी आधी पोट आत घ्यायला लावलं, मग हनुवटी बारीक करायला, मग सुरकुत्या पुसायला. बाई मुकाट्याने रंग खरवडत आणि पुन्हा चढवत. आता कापडच विरत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरी बँकवाल्यांना मेजवानी होती आणि चित्र तिथे दिवाणखान्यात लागायचं होतं. साहेब आले, मान तिरकी करून बघत राहिले आणि चित्रातल्या खिडकीवर त्यांनी काठी टेकवली.

"माझ्यामागे हा काळा धूर कशाला? आभाळ निळंभोर हवं. जमत नसेल तर दुसरा चित्रकार बघतो."

गावावर तो धूर बारमाही असे. दोरीवरचे कपडेसुद्धा काळे पडत. भट्ट्या विझल्या, तरच काय ते आभाळ निळं दिसे.

माइतेबाईंच्या अंगात वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्यांनी निळा रंग पुढे ओढला.

"करते की, साहेब. फक्त उद्या बँकवाल्यांनी विचारलं तर काय सांगू? भट्ट्या संपामुळे थंड पडल्यात, की साहेबांचं दिवाळं निघालंय?"

साहेबांनी काठी हळूच मागे घेतली.

"राहू दे धूर," ते म्हणाले. "उलट थोडा वाढवाच."

बाईंनी खोकत खोकत काळा रंग घेतला.