गुलाबाची वरमाय

गुलाबाचं रोप उरलं होतं एक, आणि ते मागणारे सरदार तीन!

ही आग लावली कुणी? खुद्द भुजंगराजानं! "ज्याच्या अंगणात गुलाब नाही, तो कसला सरदार!" असं एकदा जेवण अंगावर आल्यावर तो बोलून गेला. झालं! सरदार रोपं आणायला धावले. पण त्या साली राज्यातल्या साऱ्या रोपवाटिका वाळवीनं फस्त केलेल्या, आणि दरड कोसळून घाट बंद, म्हणजे बाहेरूनही रोप यायचं नाव नाही. हौसा माळणीच्या बागेत तेवढं एक वाचलं होतं. त्याच्यापायी भर दरबारात तिन्ही सरदारांनी एकमेकांच्या पगड्या उडवल्या.

राजानं हौसाला बोलावलं. "रोप एकालाच दे. पण बाकीच्यांनी हूं की चूं करता कामा नये! एकजण जरी रुसला, तर तुझी बाग जप्त. तिथं मी हत्ती बांधीन!"

हौसाचा सगळा जीव त्या बागेत. सासऱ्यानं खडकातून उभी केलेली बाग ती! पण बाई खमकी. म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना माझ्याकडं धाडा, सरकार. तुम्हीही या. मुलाकडच्यांचं आमंत्रण आहे."

"मुलगा कोण?"

"या तर खरं!"

सकाळी सगळे येऊन पाहतात तो काय! गुलाबाची कुंडी पाटावर, रोपाला मुंडावळ्या, आणि शेजारी जरीचं लुगडं नेसून, नाक वर करून हौसा बसलेली.

"हा काय तमाशा?" सरदार हैबतराव गरजले.

"आवाज खाली! मुलीकडच्यांनी कसं नमून बोलावं," हौसा म्हणाली. "मुलगा एक, स्थळं तीन. घरजावई द्यायचाय, नीट पारखून देणार. तुमच्या पोरांच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना कसं नाचवलंत, ते पाहिलंय की मी!"

राजाला मजा वाटली. बाजेवर बसून त्यानं पान लावायला घेतलं.

"हं, हैबतराव. तुमच्या अंगणात सकाळचं ऊन येतं का?"

"ऊन कसं येईल? आमची हवेली तीन मजली आहे!"

"मग दोन मजले पाडा."

"एका झुडपापायी हवेली पाडू?"

"ऐकलंत, सरकार? जावयाला झुडूप म्हणाले! अजून फरशी उखडायचं तर मी बोललेच नाही. मुलानं पाय कुठं पसरायचे?"

"नको मला असला जावई!"

"मनापासून?"

"अगदी मनापासून! देऊन टाक कुणालाही!" हैबतरावांनी हात जोडले.

मग पुढं झाले गुणाजीराव. त्यांचं अंगण मोकळं, ऊन भरपूर. हौसानं विचारलं, "रोज पहाटे अळ्या कोण वेचणार?"

"नोकर!"

"जावयाला नोकराच्या हवाली करणार? छे! सासऱ्यानं स्वतः वेचायच्या. अशा!" असं म्हणून तिनं एक लठ्ठ हिरवी अळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

लढाईत भाल्यांना न डरलेले गुणाजीराव "आई गं!" करत थेट राजाच्या मांडीवर जाऊन बसले. "नको! नको! नको!"

"एकदा म्हटलं तरी पुरे," हौसा म्हणाली.

तिसरे सटवोजीराव. हा माणूस महाबिलंदर! आधीच्या दोघांची फजिती बघून त्यानं ठरवलं, कशालाही नाही म्हणायचंच नाही.

"ऊन?" "आहे!" "अळ्या?" "वेचीन!" "शेणखत हातानं कालवावं लागेल." "कोपरापर्यंत हात घालीन!" "बुडाशी पाणी तुंबू द्यायचं नाही." "ओंजळीनं उपसीन!"

हौसाची पंचाईत झाली. याला रोप द्यावं, तर हा सगळी कामं गड्यांवर ढकलून रोप आठवड्यात मारणार! तिची नजर सटवोजीरावांच्या मिशीवर गेली. काय ती मिशी! दोन्ही टोकांवर लिंबं ठेवावीत अशी.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "पावसाळा सरला की आमच्या मुलाची छाटणी होते. आणि आमच्या घराण्याची रीत आहे हो, त्या दिवशी सासराही मिशी उतरवतो."

"मिशी?" सटवोजीरावांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "अगं, प्राण माग! नको तो गुलाब!"

राजानं पानाची पिंक टाकली. "हौसे! तिघांनी नाकारलं, पण रोप एकाला द्यायचं होतं. ते कुठं दिलंस?"

"एक स्थळ बाकी आहे, सरकार. अंगणात ऊन आहे, खतही आहे. आणि सकाळपासून हाताला काही काम नाही, असा माणूस आख्ख्या राज्यात तिथंच मिळेल."

"कोण हा रिकामटेकडा?"

"राज्य सोडून माळणीच्या दारात पान चघळत कोण बसलंय?"

सगळे राजाकडं बघू लागले. तेवढ्यात सटवोजीराव ओरडले, "मग सरकारांनीही मिशी उतरवायची! रीत म्हणजे रीत!"

राजाचा हात झटकन मिशीवर गेला. डोळे लाल झाले.

हौसा शांतपणे म्हणाली, "रीत सासऱ्याला, सरदारसाहेब. राजा तर रयतेचा मायबाप! सासरे होणारे तुम्ही तिघं नको म्हणालात, म्हणून मुलगा मायबापाकडं निघाला. आणि लेकराच्या जावळासाठी मायबापाची मिशी कुणी काढतं का?"

राजा आधी फिसकन हसला, मग खो खो हसला, मग हसता हसता बाजेवरून खाली आला! "बाग तुझी, पिढ्यान्‌पिढ्या तुझी! वर हे सोन्याचं कडं घे. आणखी काय हवं?"

"छाटणीच्या काड्या माझ्या, सरकार. काडी रोवली की रोप होतं. पुढच्या साली माझ्या दारात मुलगेच मुलगे!"

"दिल्या!" राजानं डोळे पुसले आणि कुंडी उचलून कडेवर घेतली. "आणि सटवोजीराव, उद्या पहाटे वाड्यावर या. एवढ्या अळ्या मायबापानं एकट्यानं कशा वेचायच्या?"