वाघोबांच्या चकत्या

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. घडली मात्र कधीच नाही.

फार पूर्वी वाघोबांना पोकरमध्ये पैशांऐवजी लावायला स्वतःच्या खास लाकडी चकत्या हव्याशा वाटल्या. सुतारपक्ष्याने चकतीवर मोर कोरून नेला, मग कमळ.

“असलं कुणाकडेही असतं!” वाघोबा गुरगुरले. “उद्या पसंत पडलं नाही, तर तुझी ढोली असलेला साग तोडून पत्त्यांचं टेबल करीन.”

सुतारपक्षी ढोलीच्या तोंडाशी चोच खाली घालून बसला. तेव्हा बुंध्यावर वाघोबांनी नखं घासल्याचे ओरखडे दिसले. त्याने त्याच सालीच्या गोल चकत्या पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी वाघोबांपुढे ठेवल्या.

“वा रे पठ्ठ्या! ही नक्षी कुणाला सुचली?”

“तुम्हालाच, महाराज. फक्त माझ्या ढोलीच्या सागावरच सुचते.”

साग अजून उभा आहे. यात वाघाचं पत्ते खेळणं तेवढं माझ्या पदरचं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांची पसंती मात्र जशीच्या तशी.