डोंगरमाथ्यावरची शिदोरी

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट. किती ते विचारू नका, मला सांगणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं. एका उंच डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणारा एक माणूस राहायचा. त्याला गोजरा नावाची एकुलती एक लेक. ती त्याला आबा म्हणायची. गोजरा लहान असतानाच तिची आई साध्या तापानं गेली, कारण गावात वैद्य नव्हता. तेव्हापासून पोरीच्या मनानं घेतलं, की आपण वैद्यकी शिकायची आणि गावात परत यायचं.

त्या गावाची एक रीत होती. लेकरू मोठं होऊन दूर निघालं, की आईनं नाहीतर बापानं त्याच्यासोबत डोंगर चढायचा. थोरल्यानं पुढं चालायचं, लेकरानं मागं. माथ्यावर दोघांनी शिदोरी सोडून एका फडक्यावर जेवायचं. मग थोरल्यानं "हो पुढं" म्हणायचं, की लेकरानं पलीकडं उतरायचं आणि थोरल्यानं अलीकडं. तोवर लेकरानं थोरल्याच्या पुढं एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. त्या जेवणाला गावात फार मान. घरात जन्मभर दोन शब्द गोड न बोललेले बाप तिथं मन मोकळं करायचे, आणि खाली आल्यावर डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगायचे.

गोजरा वीस वर्षांची झाली, तेव्हा लांबच्या मुलखातल्या एका म्हाताऱ्या वैद्यीणबाईंनी तिला शिकवायचं कबूल केलं. बाई बैलांच्या तांड्यासोबत डोंगरापलीकडच्या पाणवठ्यावर येणार होत्या. "दिवस मावळेपर्यंत थांबेन. आली तर माझी, नाहीतर दुसरी बघेन," असा त्यांचा निरोप होता.

बापलेक सकाळीच निघाले. माथ्यावर लेकीला काय सांगायचं, ते आबा महिनाभर मागावर बसून मनात घोळवत होता. शब्द न् शब्द ठरला होता.

थोडं चढल्यावर झरा लागला. आबा बसला. "इथं तू पहिल्यांदा ओंजळीनं पाणी प्यालीस. सगळं अंगावर. तुझी आई हसून हसून खाली बसली होती."

आईच्या हसण्याचं कुणी बोललं, की गोजराला बरं वाटायचं. तीही बसली.

पुढं घसरणीचा खडक आला. "इथं तुझा परकर फाटला. आईनं घोंगडीच्या लोकरीनं शिवला, तर टोचतोय म्हणून चार दिवस भोकाड." तिथंही बसणं झालं. मग करवंदीची जाळी आली, तिथंही. आता खरं सांगू का, आबाचे पाय अजिबात दुखत नव्हते. वर पोचलो की ही जाणार, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो पोचतच नव्हता.

दुपार टळली. एका घळीपाशी आबा पुन्हा टेकला. "या घळीत तू पडलीस, आणि मी तुला खांद्यावर घालून..."

"आबा, ती मी नव्हते. आपलं काळं कोकरू होतं."

"रडणं सारखंच होतं," तो म्हणाला.

दोघंही हसले. पण गोजराचं लक्ष उन्हाकडं होतं. "आबा, उशीर होतोय."

"अगं, ऊन अजून डोक्यावर आहे."

ऊन केव्हाच कललं होतं. रीत म्हणून ती बापाच्या पुढं गेली नाही, आणि माया म्हणून जास्त बोलली नाही. यात तिचंही थोडं चुकलंच, पण मी तिला फार दोष देणार नाही.

माथा आला तेव्हा सूर्य टेकायला हातभर राहिला होता. पलीकडं खाली बैलांवर गोण्या चढत होत्या. आबानं घाईघाईनं शिदोरीची गाठ सोडली. "दोन घास खाऊन जा, बाये. मला सांगायचंय काहीतरी."

गोजरा बसली. घास हातात घेतला, पण तिचे डोळे तांड्यावर खिळले होते. आबानं ते पाहिलं.

"घास राहू दे," तो म्हणाला. "हो पुढं. पळ."

ती पाया पडली आणि पळत सुटली. आबा उभा राहून बघत होता. निघालेला तांडा थांबला, तिला घेऊन पुन्हा चालू लागला. पोरीला तांडा गाठता आला म्हणून त्याला हायसं वाटलं. मग त्यानं मागं वळून पाहिलं. फडक्यावर चार भाकरी होत्या, आणि तिच्यासाठी मुद्दाम कुटलेली कारळ्याची चटणी. आबा खाली बसला आणि पोटभर रडला. लेक चार घटका जास्त मिळावी म्हणून त्यानं दिवस घालवला होता, आणि गेलं होतं ते त्याच्या हक्काचं जेवण.

सात वर्षांनी गोजरा परत आली. गावाला वैद्यीण मिळाली, पुढं कुणाचं लेकरू साध्या तापानं पोरकं झालं नाही. एकदा आबाच्या गुडघ्यांना तेल लावता लावता तिनं विचारलं, "आबा, त्या दिवशी माथ्यावर काय सांगायचं होतं?"

आबा बराच वेळ आठवत राहिला. झरा आठवला, परकर आठवला, कोकरूसुद्धा आठवलं.

"ते काही आठवत नाही बघ, बाये," तो म्हणाला.

तात्पर्य: निरोपाची वेळ लांबवली म्हणून जाणारं माणूस थांबत नाही, त्याला सांगायचं तेवढं राहून जातं.