मोहाच्या ढोलीतले वाचनालय

एका रानात ओढ्याच्या काठी मोहाचे एक जुने, पोकळ झाड होते, आणि त्या झाडाच्या ढोलीत एक म्हातारी साळू वाचनालय चालवत असे. मुलांनो, तुम्ही हसाल; म्हणाल, रानात कसले वाचनालय? पण होते खरे. पळसाची मोठमोठी पाने ती सावलीत सुकवी, आपल्याच अंगावरून गळलेला काटा घेऊन त्यांवर बारीक अक्षरांत लिही आणि दोरीने त्यांच्या जुड्या बांधून ढोलीत रचून ठेवी. कोणता झरा वैशाखातही आटत नाही, कोणते कंद उकरावेत आणि कोणत्यांच्या वाटेला जाऊ नये, थोरल्या वणव्याच्या साली कोण कोठून निसटले, हे सारे तिने म्हाताऱ्या जनावरांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतले होते. त्यांतली बरीचशी जनावरे आता हयात नव्हती. "एकदा पानावर उतरलं की डोक्यात साठवायला नको," असे साळू म्हणे, आणि खरोखरच साठवत नसे.

रोज दुपारी मोठी जनावरे सावलीला पडली की पिल्ले ढोलीपाशी जमत. तेथला नेम ठरलेला होता. ज्याने त्याने आपली जुडी बाहेर काढायची, पाने एकेक करून उन्हात मांडायची, मोठ्याने वाचायची आणि उठताना झटकून पुन्हा बांधायची. कुणी एखादा शब्द गाळला आणि वाक्य लंगडले की साळू मिटल्या डोळ्यांनीच म्हणे, "मागे जा." या पिल्लांत मुंगसाची धाकटी सर्वांत हळू वाची. तिचे पान संपेपर्यंत पळसाला नवी पाने येतील, असे सशाचे पोर तिला चिडवी. ती मान वर करत नसे. तिच्या पानावर एका हरणीची गोष्ट होती. मागे वणवा, पुढे खोल नदी, आणि हरणी पाडसाला पुढे घालून पाण्यात उतरली आहे, इथवर धाकटी येऊन पोचली होती.

त्या रानात वाळवी फार. आजूबाजूचे एकही झाड तिने सोडले नव्हते, पण या मोहाकडे ती कधी फिरकली नाही. मोहाच्या सालीचा उग्र वास तिला सोसत नसावा, अशी साळूची समजूत होती, आणि आपण झाड बरे निवडले याचा तिला थोडा अभिमानही होता.

एका पावसाळ्यात मात्र झाडाला वरून चीर गेली. पाणी आत आले आणि दोन जुड्यांवरची अक्षरे धुऊन गेली. साळूला आणखी काही नको होते. थोडी लाख आणि चार ओंजळी चिकणमाती मिळाली असती तर चीर बुजली असती. तिने कावळ्याला गाठले, कारण रानातले एकूण एक दार त्याच्या ओळखीचे होते. कावळा बिचारा दोन दिवस फिरला आणि रिकाम्या चोचीने परत आला.

"साळूबाई, डागडुजीला कोण देतं?" तो म्हणाला. "बुजलेली चीर दिसणार कुणाला? नवं दगडी घर बांधतोय म्हणा, मग बघा कशी रीघ लागते ती."

पुढे त्याने असेही सांगितले की मागायला साळूने स्वतः जाऊ नये. म्हातारी दिसली की लोक झोपेचे सोंग घेतात. पिल्ले दारात उभी राहून गाऊ लागली तर नाही म्हणणे कुणाला जमत नाही. आणि जायचे तर दुपारीच जायला हवे, कारण त्याच वेळी सगळे घरी सापडतात. दुपार ही तर वाचनाची वेळ. साळू घुटमळली. पण पुढचा पावसाळा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि कावळा म्हणत होता की प्रश्न फक्त चार दिवसांचा आहे.

वाचन बंद राहणार हे कळल्यावर मुंगसाची धाकटी तेवढी पुढे आली. "आजी, माझी हरणी पाण्यातच आहे अजून," ती म्हणाली.

"घर होऊ दे. मग वाच पोटभर," साळूने तिला समजावले. कुणी नसताना पाने इकडेतिकडे व्हायला नकोत म्हणून तिने ढोलीचे तोंड ओल्या मातीने लिंपले, वरून हात फिरवून गुळगुळीत केले आणि पिल्लांना घेऊन गाणे बसवायला गेली.

चार दिवसांचा महिना झाला. गाणे छोटे होते, पण गव्याने मोठाले दगड ओढून आणायचे कबूल केले म्हणून त्याच्या दारी त्याच्या नावाची चार कडवी म्हटली गेली, आणि ती बातमी रानडुकराच्या कानी गेली. "गव्याला चार आणि मला दोन? पाया काय गवा उकरणार आहे?" त्याने विचारले. मग त्याचीही चार झाली. सुगरणींनी छप्पर विणायचे ठरवले. त्या पुष्कळ जणी होत्या आणि प्रत्येकीला आपले नाव हवे होते. गाणे लांबत गेले तशी ते पाठ करायला सकाळही पुरेना. सशाचे पोर गाण्यात पटाईत निघाले. ते पुढे उभे राही आणि बाकीची त्याच्यामागे रांगेत. साळूच्या काट्यांनाही आता एकच काम उरले होते, देणाऱ्यांची नावे दगडांवर कोरण्याचे. दगडावर काटा लवकर झिजे. संध्याकाळी तिचे पंजे इतके दुखत की कसला विचार करायचीही ताकद उरत नसे. कधी वाटेत मोह लागला तर ती थांबून लिंपण चाचपून पाही. कोठे भेग नसे, कोठे ओल नसे. ती समाधानाने पुढे जाई. मुंगसाची धाकटीही तेथे रेंगाळे. तिला परत रांगेत ओढून आणावे लागे. हिवाळा सरता सरता तिनेही रेंगाळणे सोडले.

मोहाला फुले आली आणि घर तयार झाले. घर देखणे झाले होते, यात वाद नाही. भिंती गव्याच्या उंचीच्या, छपरातून उन्हाचा कवडसाही येत नव्हता. सगळे रान लोटले. रानडुक्कर बराच वेळ बोलले. पिल्लांनी सगळी कडवी एका दमात म्हटली. मग कावळ्याने जाहीर केले की आता जुन्या ढोलीतली पहिली जुडी वाजतगाजत आणायची आणि एका पिल्लाने सर्वांसमोर वाचून दाखवायची. साळूने धाकटीला हाक मारली आणि स्वतःच्या पंजांनी लिंपण फोडले.

वरची जुडी होती तशीच होती. दोरीची गाठदेखील साळूने मारलेली. तिने ती उचलली, तर पंजा जुडीच्या आरपार गेला. आत पान नव्हते, लाल मातीच्या नळ्या होत्या. दुसरी जुडी काढली, तिसरी काढली. साळू एकेक काढून उन्हात ठेवत गेली. जी वाळवीने पुरती संपवली नव्हती ती हात लागताच पापडासारखी चुरली. शेवटी ढोलीच्या तळाशी नुसता भुगा राहिला.  गर्दीतले काही जण मागच्या मागे निघून गेले.

"पण मोहाचा वास..." साळू पुटपुटली.

मुळाशी एक मुंगी चालली होती. ती थांबली. "वास कसला, साळूबाई? रोज उठून पानं हलायची, उन्हात पडायची, झटकली जायची. असल्या हलत्या घरात वाळवी संसार मांडत नाही. तुम्ही दार लिंपलंत, तेव्हा तिला जागा मिळाली." एवढे बोलून ती आपल्या वाटेने गेली.

साळूच्या आता ध्यानात आले. चीर होती तोवर दर पावसाळ्यात दोन-दोन जुड्या गेल्या असत्या, पण बाकीच्या तरी राहिल्या असत्या. पाने राखीत होती ती पिल्ले, तिने निवडलेले झाड नव्हे. आणि पिल्लांना उठवून तिनेच दारोदार नेले होते.

मुंगसाची धाकटी भुग्याकडे पाहत उभी होती. "आजी, ती हरणी पलीकडे पोचली का?" तिने विचारले.

साळूने आठवून पाहिले. गोष्ट सांगणारी म्हातारी हरणी तिला आठवली, तिचा घोगरा आवाज आठवला, सांगताना ती मधेच कान टवकारी तेही आठवले. नदीच्या पुढचे काही येईना. "नाही गं आठवत," ती म्हणाली. ज्या हरणीला ते ठाऊक होते तिला जाऊन तीन हिवाळे झाले होते.

कावळ्याने तिला धीर दिला. पानांसाठी आणखी एक फेरी काढू, गाणे तर तयारच आहे, असे तो मनापासून म्हणाला. साळूने मान हलवली आणि ती नव्या घरात जाऊन बसली.

त्यानंतर ती रोज लिहू लागली. जेवढे आठवले तेवढे सात पानांवर मावले. मुंगसाची धाकटी दोन दुपारी आली, अडखळत अडखळत ती सातही पाने वाचली, पुढची आहेत का म्हणून विचारले, आणि तिसऱ्या दुपारी आली नाही. बाकीची पिल्ले एव्हाना मोठी झाली होती. ती आपापल्या पोटामागे लागली. साळू दारात पाने मांडून बसे. वारा आला की त्यांवर खडे ठेवी.

एका दुपारी सशाचे एक अगदी लहान पिल्लू उड्या मारत आले. गाण्याची फेरी चालू होती त्या हिवाळ्यात ते जन्मले होते. ते आले, दारापाशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, आज कुणाच्या दारी गायचं?"

"आज गायचं नाही रे. ये, बस. आज वाचायचं," साळू म्हणाली आणि तिने एक पान त्याच्यापुढे सरकवले.

पिल्लाने पान हुंगले. पानापेक्षा त्याने भिंतीवरच्या नावांकडेच अधिक वेळ पाहिले. "मग इथं माझं काय काम?" असे म्हणून ते आले तसे उड्या मारत निघून गेले.

तात्पर्य : एखादे काम जगवण्यासाठी मदत जरूर मागावी, पण मागण्यापायी ते कामच थांबवू नये; चांगले काम रोज करत राहण्यानेच टिकते, त्याच्यासाठी उभारलेल्या भिंतींनी नव्हे.